न्हाणीमागचा पंप

माझ्या हातांची मिरची धुतल्यानं जात नाही. म्हसावदला आमची गिरणी आहे. घराच्या पुढच्या भागात एका बाजूला पिठाची चक्की, दुसऱ्या बाजूला तिखटाचं कांडप, आणि मागे आम्ही राहतो. होळी झाली की आसपासच्या गावांतल्या बाया वर्षाचं तिखट करून न्यायला येतात, ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत चालतं. तेवढे दिवस मी सकाळपासून लाल धुळीत उभी असते. तोंडाला रुमाल बांधते, डोक्याला फडकं गुंडाळते, पण हातांना काही बांधता येत नाही. पोत्यातली मिरची कितपत वाळली आहे हे बोटांनीच कळतं. काम संपलं की साबण लावते, गोडेतेल चोळते, पुन्हा साबण लावते. तरी चुकून डोळ्याला बोट लागलं की कळतं, अजून आहे.

गिरणी मुळात सासूबाईंची. त्यांना घरात आणि गल्लीत सगळेच माय म्हणतात. समोर मी 'तुम्ही' म्हणते, पण मनात ती 'ती'च आहे, म्हणून इथंही तसंच लिहिते. सासरे वारले तेव्हा माझा नवरा शाळेत जात होता, आणि गिरणी विकून टाकावी असं भाऊबंदांचं म्हणणं होतं. मायनं विकली नाही. पट्टा चढवणं, गुळगुळीत झालेले चक्कीचे दगड टाचणं, सगळं ती स्वतः शिकली. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघराच्या आधी तिनं मला मोटर दाखवली. मोटरीवर हात ठेवायला लावला आणि म्हणाली, "आवाज आयक. बिघडाना आधी ती सांगस."

आता गिरणी मी चालवते. नवरा सुरतेला साड्यांच्या मालाचा टेंपो चालवतो, सणावाराला येतो. चक्कीची मोटर खोलणं, बेअरिंग बदलणं, स्टार्टरची वायर पाहणं मला येतं. नळाचं मात्र काही येत नव्हतं, आणि येण्याची गरजही कधी पडली नव्हती.

गेल्या वर्षी माय चाळणी घेऊन गिरणीची पायरी उतरताना पडली. उजवा खांदा दुखावला. शहाद्याच्या डॉक्टरांनी हात गळ्यात बांधायला दिला, मग व्यायाम सांगितले. हात सुटला, चपाती मोडता यायला लागली, पण खांद्याच्या वर हात जाईना. बादलीतून तांब्या उचलून डोक्यावर ओतणं तिला जमेना. डाव्या हातानं पुढचं अंग भिजायचं, पाठ आणि केस कोरडेच. त्यामुळे तिला मी आंघोळ घालायला लागले. ती पाटावर माझ्याकडे पाठ करून बसायची आणि आंघोळ होईपर्यंत एक शब्द बोलायची नाही. जन्मभर स्वतःचं स्वतः केलेली बाई. मला वाटायचं, तिला लाज वाटते म्हणून ती गप्प आहे.

एकदा पाठीला साबण लावताना मला तिच्या खांद्यांमागे लाल चट्टे दिसले. घामोळं म्हणावं तर तसं नव्हतं. मी तिथं बोट टेकवलं आणि ती आखडली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

"माय, मन्हा हातनी आग व्हस का तुम्हले?"

"व्हस."

"मंग सांगं का नही?"

"काय सांगू?" ती पाठमोरीच म्हणाली. "हात तं तुन्हाच शेतस. दुसरा कोठेन आनू?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कांडपाचे दिवस आहेत, सुनेच्या हातांना मिरची असणारच, सोसायचं, एवढाच तिचा हिशेब. स्वतःही तिनं तेच काम केलेलं. पण त्या दिवशी मी तिच्या पाठीवर नुसतं पाणी ओतत राहिले आणि समोर भिंतीवरच्या शॉवरकडे पाहत राहिले.

हा शॉवर मागची न्हाणी बांधली तेव्हा नवऱ्यानं सुरतेहून आणलेला. चांगला मोठा, गोल, चकचकीत. बसवला त्या दिवशी आम्ही सगळे बघायला उभे होतो. कॉक फिरवला तर ओल्या कपड्यातून गळावं तसं पाणी गळलं, तेही मधल्या चार भोकांतून. आमचं घर एकमजली. टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली. तिचा तळ आणि शॉवरचं तोंड यांच्यात जेमतेम दोन-तीन हातांचं अंतर. वरून पाणी आपल्या वजनानं जेवढं येईल तेवढंच यायचं. मग त्या शॉवरवर आम्ही टॉवेल टाकायला लागलो.

पाणी जोरात पडलं, तर माय भिंतीला धरून नुसती उभी राहिली तरी तिची पाठ धुतली जाईल, केस भिजतील. कुणाचा हात लागायला नको. माझा तर नकोच.

मी गावातल्या नळफिटिंगवाल्याला बोलावलं. तो आला, वर चढून पाहून खाली उतरला. म्हणाला, एक तर लोखंडी स्टँड करून टाकी पुरुषभर उंच न्यावी लागेल, नाही तर प्रेशर पंप बसवावा लागेल. स्टँडला आमच्या जुन्या स्लॅबचा त्याला भरवसा वाटेना. पंप बसवून देतो म्हणाला, पण लग्नसराई संपल्यावर. नव्या नवरानवरींच्या खोल्यांना नळ जोडण्यात तो बुडालेला होता, त्याची काही चूक नव्हती.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तू हात नको लाऊ. पानी आनि करंट एक जागावर शे. मी आखाजीले येस, मंग बसाडू."

आखाजीपर्यंत सगळं कांडप उरकतं. माझ्या हातांची मिरची जाईल त्या वेळेला पंप येणार, याला काय अर्थ.

मी फोन ठेवला. माय खाटेवर बसून लसूण सोलत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "चक्कीनी येवढी मोठी मोटर खोलस तू. हाई बारकी मोटर काय खाई जाई तुले?"

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून मी शहाद्याला गेले. पंपाच्या दुकानात नेहमीप्रमाणे शेतकऱ्यांची गर्दी होती. पपई-केळीवाले, उसावाले, सगळे मोठमोठे पंप बघत होते. दुकानदारानं मला आधी पाणी वर चढवायचा पंप दाखवला. मी म्हटलं, मला वर चढवायचं नाही, वरून येणाऱ्या पाण्याला जोर द्यायचा आहे, आणि नळ उघडला की चालू, बंद केला की बंद असा पाहिजे. माझ्या सासूला एका हातानं जमलं पाहिजे. त्यानं खालच्या फळीवरून एक छोटा खोका काढला. आतला पंप आमच्या कांडपाच्या मोटरीपुढे अगदीच लहान, नारळाएवढा.

"मिस्तरी कोण आहे तुमचा?" त्यानं विचारलं.

"मीच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. नखांत लाल रंग बसलेला होता. "गिरणी आहे का?" म्हणाला. मी हो म्हटलं. मग तो काउंटरच्या बाहेर आला आणि चांगलं समजावून सांगितलं. पंपाला टाकीतून वेगळी जाड लाइन आणा, घरातल्या नळांच्या लाइनवर तो जोडू नका, नाही तर कुणी भांडी घासायला नळ उघडला की पंपाला पाणी कमी पडेल आणि तो हवा ओढेल. पंप खाली ठेवा, म्हणजे पाणी आपोआप त्याच्या पोटात येऊन उभं राहील. दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे फिरवून सुटणारे जोड लावा, पुढे-मागे पंप काढायचा झाला तर पाइप कापावा लागणार नाही. कागदावर त्यानं आकृती काढायला घेतली, पण मला तोंडी सांगितलेलं लक्षात राहतं. पाइप, कॉक, टाकीला लावायचं निप्पल, वॉशर, चिकटवायचं सोल्युशन, आणि करंट उतरला तर आपोआप पडणारा स्विच, एवढं सगळं घेऊन मी बसमध्ये चढले. पाइप टपावर होते. म्हसावदला उतरले तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "घर बांधी ऱ्हायनात का ताई?"

टाकीला भोक पाडायचं म्हणजे टाकी आधी रिकामी हवी. घरातली पिंपं, हंडे, बादल्या भरून घेतल्या आणि उरलेलं पाणी अंगणातल्या लिंबाला सोडलं. चैत्रातलं ऊन, काळी टाकी दहा वाजताच हाताला चटका देत होती. गिरणीच्या ड्रिलला गोल पातं लावलं आणि खूण दोनदा मोजून पाहिली. पीठ सांडलं तर भरून घेता येतं; टाकीचं भोक वाकडं पडलं तर टाकीच गेली. पण पातं सरळ गेलं आणि प्लॅस्टिकची गोल चकती पायाशी पडली. मी ती खाली मायकडे टाकली. तिनं उचलून पाहिली आणि "साफ कापायनं" एवढंच म्हणाली.

खाली अंगणात खाट ओढून ती पहारा करत बसली होती. पाइपांचे तुकडे तिनं लांबीप्रमाणे लावून ठेवले होते. मी शिडीवरून वाकून मागितलं की डाव्या हातानं एक एक वर द्यायची. सोल्युशन लावून जोड दाबला की ती म्हणायची, "दाबी धर. लगेच नको सोडू." हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण पट्ट्याचा जोड चिकटवताना आम्ही तसंच करतो.

टाकीपासून पाइप भिंतीवरून खाली आणला. न्हाणीमागे विटांचा लहान ओटा केला, त्यावर चक्कीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा अंथरला, म्हणजे पंप थरथरला तरी आवाज भिंतीत जाणार नाही. त्यावर पंप बसवला. वर पत्र्याचं छप्पर. पंपातून निघालेला पाइप शॉवरच्या जुन्या लाइनला जोडला. वायरिंग करताना मात्र मला कुणाला काही विचारावं लागलं नाही. अर्थिंग गिरणीच्या खड्ड्यातूनच घेतलं आणि टेस्टर लावून स्वतः खात्री केली. शॉवर उतरवला, तर आतून बोअरच्या पाण्याच्या क्षारानं पांढरा झालेला. अर्धी भोकं बुजलेली. मायनं तो लिंबाच्या रसात बुडवून ठेवला आणि सुईनं एक एक भोक मोकळं केलं. उजवा हात मांडीवर ठेवून शॉवर त्यात धरायचा आणि डाव्या हातात सुई. त्यात तिचा सगळा दुपारचा वेळ गेला. मी दोनदा म्हटलं राहू द्या, तिनं ऐकलं नाही.

जोड वाळू दिले. दुसऱ्या दिवशी पाणी आलं तसं टाकी भरायला घेतली, आणि नव्या निप्पलमधून पाण्याची धार भिंतीवरून वाहायला लागली. रबरी वॉशर मी बाहेरून लावला होता, तो आतून हवा होता. टाकी पुन्हा रिकामी. मी ओली चिंब होऊन टाकीत वाकले, वॉशर बदलला, पुन्हा घट्ट केलं. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, मिस्तरी मिळाला नाही का. मी पाना फिरवत राहिले. उत्तर मायनं खालून दिलं. "मिस्तरीच काम करी ऱ्हायनी," ती म्हणाली.

या वेळी भिंत कोरडी राहिली. मी खाली आले, कॉक उघडला, स्विच दाबला आणि न्हाणीत जाऊन शॉवर फिरवला. पंप घुमला. पाणी आलं नाही. दोन थेंब पडले आणि शॉवरनं सुस्कारा टाकला. मी शॉवर बंद केला आणि पळत मागे जाऊन स्विच बंद केला.

मी पंपाजवळ उकिडवी बसले. कोरडा पंप चालवला तर तो जळतो, एवढं मला माहीत होतं. पाणी टाकीत आहे, कॉक उघडा आहे, पाइपात पाणी आहे. मग पंपात का नाही? माझं माहेर प्रकाशा गावाच्या बाजूचं, तापीकाठचं. लहानपणी नदीवर वडिलांचं इंजिन असायचं. इंजिन ठोके देत राहायचं आणि पाणी चढायचं नाही, तेव्हा वडील म्हणायचे, हवा धरली. मग ते बंद करून पंपाच्या डोक्यावरचा बोल्ट ढिला करायचे आणि पाणी ओतत राहायचे, आतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत.

इथं ओतायची गरज नव्हती, पाणी वर टाकीत होतंच. त्याला फक्त हवा जायला वाट हवी होती. मी पंपाच्या पुढचं युनियन पान्यानं जरासं ढिलं केलं. फुस्स करून हवा निघाली, फुसफुसत राहिली, मग पाण्याचे शिंतोडे, आणि एकदम जोरात धार माझ्या तोंडावर. मी घट्ट केलं. तोंड पुसलं नाही तशीच स्विच दाबला.

"माय, उघाडा," न्हाणीत येऊन उभ्या राहिलेल्या मायला मी ओरडून सांगितलं.

आत मायनं शॉवर फिरवला. पंपाचा आवाज बदलला. आधीचा पोकळ, आताचा भरलेला. बिघाडाआधी मोटर सांगते, तसं ती ठीक असली तरी सांगते; मला आत जाऊन पाहायची गरज नव्हती. तरी गेले. शॉवरच्या सगळ्या भोकांतून पाणी सरळ रेषेत खाली येत होतं आणि फरशीवर आपटून मायच्या लुगड्यापर्यंत उडत होतं. ती बाजूला सरकली नव्हती. तिनं डावा हात त्या पाण्याखाली धरला होता.

"टावेल दे," ती म्हणाली. "आनि बाहेर जाय."

मी भिंतीला कपडे वाळत घालायची मजबूत दांडी तिला धरायला आधीच ठोकून ठेवली होती. पायाखाली खडबडीत पाय-पुसणं टाकलं. साबण तिच्या हाताला येईल असा ठेवला. ती वाट पाहत उभी राहिली. मी बाहेर आले आणि तिनं आतून कडी लावली.

पडल्यापासून तिनं ती कडी लावली नव्हती.

मी न्हाणीबाहेर पाण्याच्या पिंपाला टेकून उभी राहिले. पंप चालू झाला, बंद झाला. ती साबण लावत असणार. पुन्हा चालू झाला, आणि मग बराच वेळ चालूच राहिला. गिरणीत मला मदत करणारी, धडगावकडच्या पाड्यावरून येऊन इथं राहिलेली पावरा आदिवासी बाई मागे आली. तिनं विचारलं, आत कोण आहे. मी म्हटलं, माय. एकटी? मी म्हटलं, हो, एकटी. तीही माझ्याशेजारी उभी राहिली. आम्ही दोघी त्या मोटरीचा आवाज ऐकत होतो, जणू कुणाच्या घरी बाळ झाल्याची बातमी यायची आहे.

माय बाहेर आली तेव्हा केस ओले होते आणि पदर तिनं स्वतः घेतलेला होता, वाकडा, पण स्वतः. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, पाणी गरम होतं की काय. पण ती वेगळी लाली होती.

"पाठपर्यंत जास पानी," ती म्हणाली. मग त्या पावरा बाईकडे वळली. "आते तू जाय. आंगवर मिरची लिसन घर जास रोज. जाय, धोई ये."

ती बाई संकोचली. मालकाच्या न्हाणीत कशी जाऊ, असं तिच्या तोंडावर होतं. मायनं आपला कोरडा टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला आणि खाटेवर जाऊन बसली. विषय संपला. आत गेल्यावर त्या बाईच्या हसण्याचा आवाज आला, आणि माय केस झटकत म्हणाली, "पानीना जोर लागना तिले."

त्या दिवसापासून कांडपाच्या दिवसांत आम्ही तिघी तशाच क्रमानं न्हायला लागलो: आधी माय, कारण दुपारी टाकी तापते आणि सकाळी तिच्यातलं पाणी गार असतं, आणि काम संपल्यावर आम्ही दोघी. मायच्या पाठीवरचे चट्टे गेले. खांदा अजून वर जात नाही. तो जाईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. वीज गेली की पंप बंद पडतो, तेव्हा ती आंघोळ पुढे ढकलते, पण मला हाक मारत नाही.

लग्नसराई संपल्यावर नळफिटिंगवाला आठवणीनं आला. मी चक्कीवर होते, म्हणून माय त्याला मागे घेऊन गेली. त्यानं पाइप पाहिले, युनियन हातानं हलवून पाहिलं, ओट्यावरचा पट्टा पाहिला.

"शहादातून कोनी बसाडी दिना का?" त्यानं विचारलं.

"मन्ही वहूनी बसाडा," माय म्हणाली.

चक्कीच्या आवाजातूनही मला ते ऐकू आलं, कारण ती ते गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली होती. तो माणूस चांगला. गिरणीच्या दाराशी येऊन मला म्हणाला की खाली एक कॉक अजून टाका, पावसाळ्यात गाळ आला तर काढून टाकायला बरं पडेल. मी टाकला. पुढे समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या काकांसाठी त्यांच्या सुनेला पंप हवा होता, तेव्हा तो आणि मी दोघांनी मिळून बसवला. त्यानं पाइप जोडले, मी वायरिंग केलं आणि हवा काढली.

त्याआधीच, आखाजीला, नवरा आला होता. दुपारच्या उन्हात सुरतेच्या बसनं घामेघूम होऊन आलेला. पिशवी ठेवली आणि थेट न्हाणीमागे गेला. मला वाटलं होतं, वायरींबद्दल काहीतरी बोलेल. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. स्विचचं बटण दाबून तो पडतो का ते पाहिलं, पडला. मग आत जाऊन आंघोळ केली. चांगली लांब आंघोळ. जेवताना म्हणाला, पाणी मस्त येतं. मी म्हटलं, हो. मायनं त्याच्या ताटात आणखी एक पुरणाची पोळी, आमच्याकडचा खापरावरचा मोठा मांडा, वाढली आणि माझ्याही.

जेवण झाल्यावर मी गिरणी उघडली. सणाचा दिवस, पण एका बाईचं थोडं दळण राहिलं होतं. तो ओट्यावर बसून सुरतेच्या कुणा सोबत्याशी फोनवर बोलत होता. आधी भाड्याचं, रस्त्याचं काहीतरी बोलणं झालं. मग म्हणाला, "नहीं रे, घर पे शॉवर में नहाया. पंप लगा है. मिस्तरी नहीं, घरवाली ने लगाया. अकेली ने."

मी पट्टा हातात धरून उभी होते. चक्की सुरू केली असती तर पुढचं ऐकू आलं नसतं, म्हणून जरा उशिरानं सुरू केली.